पर्पिन्यां ते कॉर्ट्राइक, नऊशे चार किलोमीटर आणि काही मीटर

शुक्रवार, १ ऑगस्ट. सकाळी ६ वाजून ४५ मिनिटांनी दक्षिण फ्रान्समधल्या पर्पिन्यां शहराबाहेरच्या मैदानात सात ट्रकांच्या जाळ्या एकदम उघडल्या आणि ४,८६२ कबुतरं आकाशात गेली. वारा नैऋत्येकडून, हलका. आभाळ स्वच्छ.

सात मिनिटांनी ही बातमी बेल्जियममध्ये, कॉर्ट्राइकच्या उत्तरेला राहणाऱ्या गोडेलीव्ह व्हर्स्खातेच्या फोनवर आली. तिने ती वाचली, फोन उलटा ठेवला आणि पावाला लोणी लावायला घेतलं.

"किती वाजता?" तिचा नवरा मार्निक्स म्हणाला.

"सुटली पावणेसातला. या वाऱ्यात मिनिटाला तेराशे मीटर पडतील. साडेअकरा तास आणि वर थोडं. सहा वीसच्या आधी मान वर करू नकोस, उगाच अवघडेल."

"आणि सहालाच आली तर?"

"तर मधल्या वाटेत विमानात बसली असं समजू."

गोडेलीव्हचं वय एकसष्ट. चौतीस वर्षं तिने भूमापन कार्यालयात नोकरी केली होती. निवृत्त झाल्यावर तिच्याकडे दोन कामं उरली. एक म्हणजे स्वतःची ढाबळ, तीत बेचाळीस कबुतरं. दुसरं म्हणजे क्लबची मोजणी. कॉर्ट्राइकपासून रुसेलारेपर्यंत क्लबचे बत्तीस सभासद होते आणि स्वतःची सोडून प्रत्येकाची ढाबळ पर्पिन्यांपासून नेमकी किती मीटरवर आहे हे तिने ठरवून दिलं होतं. या खेळात तेच सगळं असतं. कबुतरं एका जागेवरून सुटतात, पण उतरतात आपापल्या घरी. म्हणून आधी कोण आलं याला अर्थ नाही. अंतराला वेळेने भागायचं, मिनिटाला किती मीटर ते काढायचं, तेही चार दशांश स्थळांपर्यंत. ज्याचा आकडा मोठा त्याचा पहिला नंबर. मोजणीचा बिंदू म्हणजे कबुतर ज्या फळीवर उतरतं तिचा मध्य. एक नियम मात्र कडक होता: मोजणाऱ्याने स्वतःची ढाबळ मोजायची नाही. ती शेजारच्या क्लबचा मोजणारा येऊन मोजतो.

एकोणीस वर्षांत तिला पर्पिन्यांचा पहिला नंबर कधी मिळाला नव्हता. दुसरा एकदा, चौथा दोनदा. यंदा तिने चार वर्षांची निळी मादी पाठवली होती, पायातल्या कड्यावरचे शेवटचे आकडे ४१७. अंड्यांवर बसून नऊ दिवस झालेली मादी घराकडे सगळ्यात जोरात उडते असं गोडेलीव्हचं मत होतं, आणि ट्रकवर चढवताना ४१७ला अंड्यांवर बसून बरोबर नऊ दिवस झाले होते.

दुपारपासून गल्ली शांत झाली. शेजारच्या बाईंनी धुतलेल्या चादरी आत वाळत घातल्या, कारण पांढरं काही फडफडलं की दमलेली कबुतरं उतरायला बिचकतात. समोरच्या घरातलं गवत कापायचं यंत्रही बंद झालं. पाच वाजता मार्निक्सने घडीची खुर्ची काढली, करडा सदरा घातला आणि तो अक्रोडाखाली बसला. गोडेलीव्ह स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. दाण्यांचा डबा तिच्या हातात होता, पण तिने तो खुळखुळवला नाही. सहा वीसला तिने मान वर केली.

सहा एकवीसला दक्षिणेकडून एक ठिपका आला, अक्रोडावरून तिरका झाला, पंख मिटले आणि सरळ फळीवर उतरला. फळीवरच्या यंत्राने पायातलं कडं वाचून पीक केलं. ४१७ आत शिरली. यंत्राच्या पडद्यावर वेळ उमटली: १८.२१.०७.

"एक मिनिट सात सेकंद उशीर!" मार्निक्स ओरडला. "बाई, तू सहा वीस म्हणाली होतीस."

"वर थोडं, असंही म्हणाले होते."

तिने आत जाऊन कागद घेतला. अंतर तिला शोधावं लागलं नाही. ९०४ किलोमीटर २१८ मीटर. हा आकडा तिला स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ होता. वेळ अकरा तास छत्तीस मिनिटं सात सेकंद. भागाकार केला: मिनिटाला १२९८.९४६१ मीटर. विमानाला हे अंतर दीड तासाचं. तिच्या साडेचारशे ग्रॅमच्या मादीने ते न थांबता, न खाता कापलं होतं. गोडेलीव्हने आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

सहा पस्तीसला फोन वाजला. रुसेलारेचा ओडिलोन बार्त. जुना खाटीक, वय सदुसष्ट, पर्पिन्यां तीनदा जिंकलेला.

"काय मोजणीबाई, तुझी कबुतरं रेल्वेने येतायत का?"

"एक आली, पाणी पिऊन झोपलीसुद्धा. तुझी?"

"तू आधी सांग."

"तू फोन केलास, तू सांग."

पलीकडे ओडिलोन जोरात श्वास घेताना ऐकू आला. "सहा तीस चोपन्न."

त्याचं अंतर ९१६ किलोमीटर ९०३ मीटर होतं. तिनेच मोजलं होतं. तिने हिशेब मांडला.

"सहा तीस बावन्नला यायला हवा होता," ती म्हणाली.

"काय?"

"माझी सहा एकवीस सातला आली. तुझा १२९८.९१३४. माझी १२९८.९४६१. दोन सेकंदांनी गेलास, ओडिलोन."

"दोन सेकंद! तो गाढव धुराड्यावर बसून पिसं साफ करत होता. मी खाली उभा राहून त्याच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या."

"मग ऐकत असेल तो. शिव्या ऐकायला थांबला."

"उद्या क्लबात बघतो तुला," तो म्हणाला. पण आवाजात राग नव्हता. सात वाजेपर्यंत बाकीच्यांच्या वेळा कळल्या. त्या दोघांच्या जवळपास कुणी नव्हतं.

मार्निक्सने बियरच्या दोन बाटल्या उघडल्या. तो सुतार, बोलायला लागला की हात हवेत रंधा मारतात. "कशी उतरली बघितलंस? एक घिरटी नाही. जुन्या ढाबळीवर प्रत्येक कबुतर आधी छपरावर बसायचं, मग विचार करायचं. म्हणून मी म्हणत होतो, ढाबळ बागेच्या टोकाला ने, मोकळ्यावर. फेब्रुवारीत थंडीत बोटं मोडून बांधली ती काय उगाच?"

गोडेलीव्हने ग्लास ओठांपासून खाली घेतला.

"मार्निक्स, नवी ढाबळ कुणी मोजली?"

"म्हणजे? मोजणारी तू."

"मला स्वतःची मोजता येत नाही."

"मग तो शेजारच्या क्लबचा, व्हारेगेमचा एव्हारिस्ट."

"त्याला बोलावलं होतं का मी?"

मार्निक्सने तिच्याकडे बघितलं आणि बाटली हळूच टेबलावर ठेवली.

तिने बोलावलं नव्हतं. मार्चमध्ये क्लबच्या सात सभासदांच्या नव्या मोजण्या होत्या, त्या तिने पावसात उभं राहून केल्या. एव्हारिस्टला फोन करायचा हे तिच्या डोक्यात होतं, पण कागदावर नव्हतं. मग मेमध्ये मोसम सुरू झाला, आणि दर वेळी अर्ज भरताना हात आपोआप जुनं अंतर लिहीत गेला, पर्पिन्यांच्या अर्जावर २१८. दुसऱ्या कुणी आकडा बघून लिहिला असता, तिला तो पाठ होता.

"नवी ढाबळ दक्षिणेला आहे," ती म्हणाली. "म्हणजे पर्पिन्यांच्या जवळ. म्हणजे अंतर कमी. म्हणजे वेग कमी."

"कितीने?"

"ओडिलोन माझ्या मागे आहे तेवीस मीटरने. थोडे कमीच, बावीस पूर्णांक आठ."

"आणि ढाबळ किती सरकली?"

ती उठून मापाची पोलादी फीत घेऊन आली. अजून लख्ख उजेड होता. मार्निक्सने जुन्या ढाबळीच्या जोत्यावर, जिथे फळी होती तिथे, फितीचं टोक दाबून धरलं. ती बागेतून चालत नव्या फळीपर्यंत गेली. एकतीस मीटर वीस सेंटिमीटर.

"गेलं मग," मार्निक्स म्हणाला.

"घाई करू नकोस. बाग सरळ दक्षिणेला जात नाही." तिने नकाशा उघडला, बागेच्या कुंपणाचा कोन घेतला. त्यांची बाग, गल्लीतल्या सगळ्या बागांसारखी, अरुंद आणि लांब, नैऋत्येकडे तिरकी होती. पर्पिन्यांची रेषा मात्र जवळजवळ थेट दक्षिणेला. म्हणजे एकतीस मीटरमधले सगळे मीटर अंतरातून वजा होत नव्हते. तिने तीनदा हिशेब केला. कोन पंचेचाळीस अंश धरला तर बावीस मीटर जात होते आणि ती जिंकत होती. त्रेचाळीस धरला तर तेवीस जात होते आणि ती हरत होती. नकाशा जुना होता. त्यावरची कुंपणाची रेघ दोन अंश इकडेतिकडे असू शकत होती.

"ऐक," मार्निक्स म्हणाला. "मादी उडायची तेवढी उडाली. कागदावर काय लिहिलंय ते तिला माहीत नाही. आणि कुणालाच माहीत नाही."

"मला माहीत आहे."

"ते मला कळतंय गं. मी फक्त म्हणून बघितलं."

"बघितलंस ना? मग झालं." तिने फीत गुंडाळली. "उद्या सांगते. आणि पहिला नंबर माझाच आहे, तेही सांगते."

शनिवारी सकाळी अकराला क्लबच्या कॅफेत यंत्रं वाचली गेली. टेबलावर चीजचे तुकडे, मोहरीची वाटी आणि रक्ताचं सॉसेज. सॉसेज ओडिलोनने आणलं होतं. हरला तरी तो आणायचा, जिंकला तर जास्त आणायचा. सचिव फिर्मिनने आकडे लावले आणि उभा राहिला.

"पहिला नंबर, गोडेलीव्ह व्हर्स्खाते..."

"थांब फिर्मिन," ती म्हणाली. "वाचायच्या आधी एक दुरुस्ती आहे. माझं अंतर चुकलंय."

सगळ्यांना वाटलं ती गंमत करतेय. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "सूर्य पश्चिमेला उगवला रे!" तिने हसणं संपू दिलं. मग तारखा आणि मोजमापं सांगितली: फेब्रुवारीत ढाबळ हलवली, एकतीस मीटर वीस, दिशा नैऋत्य, नवी मोजणी झालेली नाही. आवाज चढला नाही, उतरलाही नाही.

फिर्मिनने चष्मा काढला. नियमाचं पुस्तक त्याच्या पिशवीत असायचंच. त्याने पान शोधलं आणि मोठ्याने वाचलं. ढाबळ हलवली तर मालकाने पंधरा दिवसांत क्लबच्या मोजणाऱ्याला कळवायचं. न कळवल्यास त्या ढाबळीचा निकाल बाद. मात्र मालकाने कळवूनही मोजणाऱ्याच्या हातून राहिलं असेल, तर ढाबळ पुन्हा मोजून नवा निकाल लावायचा.

"म्हणजे प्रश्न एवढाच," फिर्मिन म्हणाला. "मालकिणीने मोजणाऱ्याला कळवलं होतं का?"

"मोजणारी मीच आहे."

"हो, पण कळवलं होतं का?"

"ढाबळ माझ्या डोळ्यांदेखत बांधली. छपराचे खिळे मी धरले. याहून जास्त कसं कळणार मोजणाऱ्याला?"

"लेखी?"

"मी स्वतःला पत्र लिहायचं? 'प्रिय गोडेलीव्ह, तुझी नम्र गोडेलीव्ह'?"

कॅफे हसला. फक्त ओडिलोन हसला नाही. त्याने सॉसेजचा तुकडा मोहरीत बुडवला, खाल्ला आणि हात पुसले.

"तीन वर्षांपूर्वी," तो म्हणाला, "मी माझी फळी चार मीटर सरकवली. चार! मार्निक्सला तोंडी सांगितलं होतं, याच कॅफेत, याच टेबलावर. तू म्हणालीस, तोंडी चालत नाही. माझा अख्खा मोसम बाद झाला. आठवतं का मोजणीबाई?"

"आठवतं. बरोबरच होतं ते."

"बरोबरच होतं!" तो इतरांकडे वळला. "बघा, अजून म्हणते."

"अजूनही म्हणेन. तू सांगितलंस सुताराला. सुतार मोजत नाही."

"मी इथेच बसलोय हं," मार्निक्स म्हणाला.

"मग आता तुझा निकाल बाद," ओडिलोन म्हणाला. "तुझ्याच मापाने."

"तुझ्या वेळी मोजणाऱ्याला माहीत नव्हतं. या वेळी होतं. माहीत असून मोजणारी विसरली. म्हणजे चूक मोजणाऱ्याची, आणि मोजणाऱ्याची चूक असेल तर पुन्हा मोजायचं. तुमच्या पुस्तकात लिहिलंय, माझ्या नाही." ती फिर्मिनकडे वळली. "मोजणारी म्हणून जी शिक्षा असेल ती द्या. काम काढून घ्या हवं तर. मी मोजलेल्या एकतीस ढाबळी बरोबर आहेत, ज्याला शंका असेल त्याने पुन्हा मोजून घ्याव्यात. पण मादीची शर्यत बाद करू नका. तिने काही विसरलेलं नाही."

फिर्मिनने पुस्तक मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. "एकाच माणसाचे दोन हात आहेत आणि पुस्तक विचारतंय कुठला हात चुकला. हे माझ्याच्याने होणार नाही. प्रांतिक मंडळाकडे पाठवतो."

"पण पुन्हा मोजल्यावर निघेल काय?" कुणीतरी विचारलं.

"९०४ किलोमीटर १९६ मीटर," गोडेलीव्ह म्हणाली. "माझा पहिला नंबर, मिनिटाला एका मिलिमीटरने."

"आणि १९५ निघालं तर?"

"तर ओडिलोनचा. पण निघणार नाही."

ओडिलोनने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "हे बघ. तुझ्या कागदाच्या चुकीवर मला पहिला नंबर नकोय." तो थोडा थांबला. "म्हणजे दिलाच तर मी परत करणार नाही. पण मनापासून हवाय तो मोजून हवाय. तिची ढाबळ पुन्हा मोजा, असं माझं नाव घालून लिही फिर्मिन. आणि एव्हारिस्टचं यंत्र नीट चालतं का तेही बघा, गेल्या वर्षी त्याने एका डुकरांच्या गोठ्याला ढाबळ म्हटलं होतं."

मंगळवार, ५ ऑगस्ट. सकाळी दहा वाजता व्हारेगेमच्या क्लबचा एव्हारिस्ट तिवई आणि उपग्रहाचं यंत्र घेऊन आला. ओडिलोन त्याच्या आधी आला होता. मार्निक्सने कॉफी दिली. गोडेलीव्हने स्वतःला बागेच्या मधल्या रेषेच्या अलीकडे उभं केलं आणि तिथून पुढे पाऊल टाकलं नाही. आत, ढाबळीत, ४१७ अंड्यांवर बसली होती. अंड्यांना आतून तडे जायला लागले होते, पिल्लं बाहेर यायची वेळ झाली होती.

एव्हारिस्टने फळीचा मध्य खडूने आखला, तिवई लावली, वीस मिनिटं थांबला आणि आकडा वाचला.

"१९६."

मार्निक्सने मुठी वळल्या. गोडेलीव्हने फक्त मान हलवली, सकाळच्या डाकेतून अपेक्षित पत्र यावं तशी.

"पुन्हा," ओडिलोन म्हणाला.

एव्हारिस्टने तिवई उचलली, पुन्हा लावली, पुन्हा वीस मिनिटं. "१९६."

"आणखी एकदा. तीन वेळा मोजायची रीत आहे, हिनेच घातलीय."

"मीच घातलीय," गोडेलीव्ह म्हणाली. "मोज."

तिसऱ्या वेळी एक ढग आला आणि गेला. एव्हारिस्टने पडद्याकडे बघितलं, मग डोळे चोळून परत बघितलं.

"१९५."

ओडिलोनने रिकामा कप मार्निक्सपुढे धरला. "कॉफी आहे का अजून?"

"सरासरी काढली तर १९६च येतं," मार्निक्स म्हणाला.

"सरासरी काढा असं पुस्तकात नाही," एव्हारिस्ट म्हणाला. "तीन वेळा मोजा एवढंच आहे. मी तिन्ही आकडे लिहून पाठवतो."

"लिही," गोडेलीव्ह म्हणाली. "जसे आले त्याच क्रमाने लिही, वेळेसकट. आणि तिसऱ्यापुढे ढग लिही."

"ढग?" ओडिलोन उसळला. "ढगाने काय होतं?"

"काही होत नसेल तर लिहायला काय जातंय?"

दोघं फाटकापर्यंत भांडत गेले. फाटकाशी ओडिलोन थांबला आणि म्हणाला, "तुझी मादी चांगली आहे."

"तुझा नरही. धुराड्यावर बसला नसता तर."

"तेच तर म्हणतोय मी," असं म्हणून तो गाडीत बसला.

गुरुवारी, ७ ऑगस्टला, प्रांतिक मंडळाची बैठक झाली. चूक मोजणाऱ्याची होती हे मंडळाने मान्य केलं. गोडेलीव्हकडून मोजणीचं काम एका वर्षासाठी काढून घेतलं, ते तिने त्याच दिवशी सही करून स्वीकारलं. ढाबळ पुन्हा मोजून लागलेला निकाल धरावा यावरही एकमत झालं. तीन आकड्यांपैकी कुठला धरायचा यावर मात्र मतं पडली: सरासरीच्या बाजूने दोन, सगळ्यात लहान आकड्याच्या बाजूने दोन. मंडळाचा पाचवा सभासद कुटुंबासह समुद्रावर सुट्टीला गेला आहे आणि तो फोन उचलत नाही. तो सतरा तारखेला परतणार आहे.

शुक्रवारी सकाळी पर्पिन्यांचा अधिकृत निकाल छापून आला. यादी तिसऱ्या क्रमांकापासून सुरू होते.